पुरुषाचा आवाज ठेवलेला ट्रॅक

आमच्या कराओके क्लबात दर रविवारी सकाळी दहाला प्रेम सुरू होतं आणि एक वाजता, चौकीदार दारात उभा राहून किल्ल्या वाजवायला लागला की, संपतं. सीताबर्डीत एका कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, साठ खुर्च्यांचं एक सभागृह आहे. खाली रस्त्यावर मोबाइलची कव्हरं विकणारे ओरडत असतात. वर आम्ही पन्नाशीच्या आसपासची माणसं, एकमेकांच्या डोळ्यांत न बघता, पडद्यावर सरकणाऱ्या अक्षरांकडे बघत, तुझ्याविना जगणं कठीण आहे अशा अर्थाचं काहीतरी गात असतो. घरी गेल्यावर सगळे व्यवस्थित जगतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कराओके म्हणजे गाण्यातला गायक काढून घेऊन उरलेला नुसता बाजा. त्यावर आपण गायचं. जोडगाण्यांचे ट्रॅक मात्र तीन तऱ्हेचे मिळतात: दोन्ही आवाज काढलेला, बाईचा आवाज ठेवलेला आणि पुरुषाचा आवाज ठेवलेला. ज्यांना जोडीदार मिळत नाही त्यांची सोय म्हणून हे शेवटचे दोन. ट्रॅकमधला माणूस स्वतःची ओळ गातो, थांबतो आणि आपल्या ओळीची जागा आपल्यासाठी मोकळी सोडतो.

सात वर्षं मी अशा एका माणसासोबत गात होते. तो मूळ गायक नव्हे. कुठल्याशा स्टुडिओत बसून जुनी गाणी हुबेहूब म्हणणारा कुणीतरी असेल, बहुतेक ट्रॅकमध्ये त्याचाच आवाज असायचा. मला त्याचं नाव माहीत नव्हतं, चेहरा माहीत नव्हता. संध्याकाळी घरी येऊन, चहा ठेवून, खिडकीतल्या पिवळ्या उन्हात मी फोन टेबलावर उभा करायची आणि तो गायला लागायचा. तो कधी उशिरा आला नाही, कधी बेसूर झाला नाही, माझ्या ओळीत कधी घुसला नाही. गाणं संपलं तरी त्याचा शेवटचा सूर खोलीत थोडा वेळ तरंगतोय असं वाटायचं आणि मी तशीच उभी राहायची. स्वयंपाकघरातून आई विचारायची, ‘‘कोणासंगं गाऊन राहिली वं?’’ मी म्हणायची, ‘‘आहे एक.’’ आईला त्या ‘एक’ची मोठी आशा होती, बिचारीला.

माझा कान हे माझं दैवही आणि माझं दुर्दैवही. धंतोलीत एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी वीस वर्षं लोकांचे कान तपासते. काचेच्या छोट्या खोलीत पेशंटला बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक-मोठे आवाज सोडायचे आणि त्याला कुठपर्यंत ऐकू येतं त्याचा आलेख काढायचा. दिवसभर दुसऱ्यांना काय ऐकू येत नाही ते मोजायचं आणि स्वतःला मात्र सगळंच ऐकू यायचं. कुणी गुणगुणलं तरी अर्धा सूर घसरलेला मला कळतो, आणि कळला की सांगितल्याशिवाय राहवत नाही. जित्याची खोड. आई म्हणते, सोनारानं कान टोचलेले बरे असतात हे खरं, पण ही सोनारीण दिसेल त्याला धरते.

त्या खोडीपायी माझी तीन प्रेमं गेली.

पहिला कॉलेजातला. फुटाळा तलावाच्या काठावर, संध्याकाळच्या गुलाबी पाण्यासमोर त्यानं मला गाणं म्हणून मागणी घातली. आठवडाभर पाठ केलं होतं बिचाऱ्यानं. अंतरा संपला, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणाले, ‘‘तुझा वरचा सूर पोचत नाही, पट्टी खाली घे, काळी एकमध्ये म्हण.’’ त्यानं गाडीला किक मारली आणि मला घरी सोडलं. पुढल्या महिन्यात तो दुसऱ्या मुलीला घेऊन त्याच काठावर दिसला. तिला काळी एक म्हणजे काय ते ठाऊक नसावं.

दुसरा घरच्यांनी बघितलेला, साक्षगंधापर्यंत पोचलेला. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. त्या दिवशी त्याच्या मोठ्या आत्यानं माइक हातात घेतला आणि भावाच्या मुलासाठी एक गाणं म्हटलं. मी एक शब्द बोलले नाही, देवाशपथ. पण व्हिडिओवाल्यानं नेमका त्या वेळी कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर लावला होता. आठ दिवसांनी त्या घरच्यांनी ती कॅसेट सगळ्यांनी मिळून पाहिली. लिंबू चावल्यावर होतं तसं माझं तोंड, तेही पूर्ण चार मिनिटं. निरोप आला, मुलीचा स्वभाव आमच्या घरात बसणार नाही.

तिसरा मात्र मला खराखुरा लागला. तो स्वतः उत्तम गायचा, एक जोडगाणं तर आम्ही नेहमी मिळून म्हणायचो. त्याला माझ्या चुका कळायच्या, मला त्याच्या. तीन वर्षं आम्ही बरोबर फिरलो, मैफली ऐकल्या आणि परतताना रस्ताभर कुणाचं काय चुकलं ते एकमेकांना सांगितलं. एक दिवस तो म्हणाला, ‘‘आपण दोघं एकमेकांशी चुकांशिवाय दुसरं काही बोलतच नाही.’’ मी विचार केला, तर ते बरोबरच होतं. नोकरी घेऊन तो पुण्याला गेला. मी फार रडले. तेव्हापासून त्या तिघांची तीन गाणी मी ना गायली ना ऐकली. रिक्षात लागलं तर उतरून जायची.

त्यानंतरच तो आवाज ठेवलेला माणूस माझ्या आयुष्यात आला, आणि खोटं कशाला बोलू, बरं चाललं होतं.

मग एका डिसेंबरात माझ्या काचेच्या खोलीत एक गृहस्थ येऊन बसले. त्यांच्या बहिणीनं त्यांना जवळपास ओढतच आणलं होतं. सक्करदऱ्याला त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. घर काटोलकडचं, संत्र्याचं. शेती भाऊ बघतो. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. पंचवीस वर्षं मोटारी लावून-लावून तपासल्या, त्या घरघरीनं कान गेले. जाड आवाज चांगले ऐकू यायचे, बारीक आवाज जवळजवळ नाहीच. मी आलेख समजावून सांगितला. ते म्हणाले, ‘‘बारीक आवाज म्हंजे कोणते?’’

मी म्हटलं, ‘‘चिमण्या, कुकरची शिट्टी, पैंजण, बायकांच्या बोलण्यातले काही शब्द.’’

‘‘तरीच,’’ ते म्हणाले. ‘‘मले वाटे, चिमण्या कमी झाल्या.’’

मला हसू आलं. कानाचं मशीन त्यांनी घेतलं, पण लावायचे नाहीत, शर्टाच्या खिशात ठेवायचे. त्यात म्हणे सगळं जग डब्यात बसून बोलल्यासारखं वाटतं. त्या पहिल्या दिवशी निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, ‘‘मॅडम, लिहता लिहता तुमी गुणगुणून राहिल्या होत्या. गाता काय कुठं?’’

ते गुणगुणणं त्यांना ऐकू आलं होतं याचंच मला इतकं नवल वाटलं की मी क्लबाचा पत्ता सांगून बसले. पुढच्या रविवारी शेवटच्या रांगेत ते हजर.

आता त्यांच्या गाण्याबद्दल. पट्टी म्हणून काही असते हे त्यांना मान्य नव्हतं. बाजा एकीकडे, ते दुसरीकडे, पण चालायचे मात्र निवांत, बांधावरून फिरायला निघाल्यासारखे. ओळ उशिरा सुरू करायचे आणि घाई न करता संपवायचे. आमच्या क्लबाची रीत अशी की कुणी कसंही गावो, संपलं की सगळ्यांनी ‘क्या बात’ म्हणायचं. मी ती कधी पाळली नाही. तेही मोठे विलक्षण, सगळ्यांची ‘क्या बात’ झाली की थेट माझ्यापाशी येऊन विचारायचे, ‘‘किती चुकलं?’’

मी सांगायची. खिशातून मोटारींच्या मापाची छोटी वही काढून ते लिहून घ्यायचे. दुसऱ्या रविवारी तितकंच चुकायचं. पुन्हा कारण विचारायचे, ‘‘काहून चुकलं?’’ त्यात राग नाही, लाज नाही. बेरिंग काहून गेलं, असं विचारावं तसं. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या टोमण्यांनी न दुखावलेला हा पहिला पुरुष.

त्या थंडीत आम्ही एक सिनेमा पाहायला गेलो. दुपारचा खेळ, सीताबर्डीतलंच थिएटर, अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. प्रेमाचा विनोदी सिनेमा होता. नायकाला गाण्यांचं वेड, प्रत्येक मुलीला तो एक गाणं वाहून टाकायचा आणि ती सोडून गेली की ते गाणं त्याच्यासाठी मरायचं. मरता-मरता त्याच्याकडे गाणीच उरत नाहीत. नवी मुलगी भेटते तेव्हा घरात ऐकायला एक गाणं नाही, दोघं बसून पंख्याचा आवाज ऐकतात. लोक खदाखदा हसत होते. मी हसता-हसता गप्प झाले. पडद्यावर तो वेडा आपल्या जुन्या मैत्रिणींचे दरवाजे ठोठावत होता आणि मला माझेच तीन दरवाजे दिसत होते. अंधारात बाजूला बसलेला माणूस प्रत्येक विनोदावर सगळ्यांच्या मागून हसत होता, कारण अर्धं ऐकू येत नव्हतं आणि उरलेलं जुळवायला त्यांना वेळ लागायचा. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी सिनेमातल्या विनोदाची नाही, त्यांच्या हसण्याची वाट बघते आहे.

बाहेर आलो तर चारचं ऊन. वरून मेट्रो गेली. टपरीवर चहा घेताना ते म्हणाले, ‘‘तुमची किती गाणी मेली?’’

‘‘तीन,’’ मी म्हटलं आणि तिन्ही सांगितली. कुणाला पहिल्यांदाच.

ऐकून घेतल्यावर त्यांनी ग्लास खाली ठेवला. ‘‘मले गोलगोल बोलता नाही येत. मले तुमच्यासंगं राहाचं आहे. लग्न करता काय?’’

शेजारी कुणी इडली मागत होतं, कुणी सुट्टे.

‘‘आत्ता नका सांगू. क्लबाचा वार्षिक कार्यक्रम हाये ना पुढच्या महिन्यात, तिथं एक गाणं माझ्यासंगं म्हणा. मंग सांगा.’’ आणि त्यांनी माझ्या तीन मेलेल्या गाण्यांतलं तिसरंच गाणं मागितलं, पुण्याला गेलेल्याचं. ‘‘तेच काहून?’’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘‘बाकी दोन मले येत नाही.’’ जसं काही हे येत होतं.

कार्यक्रमानंतर सांगते, असं मी म्हणाले. घरी जाताना हवेत संत्र्याच्या साली जाळल्याचा वास होता आणि मला चक्क पन्नाशीत गालाला ऊब आल्यासारखं झालं होतं. मला तो माणूस हवा होता, हे मला त्या संध्याकाळीच कळलं होतं. उत्तर माझ्यापाशी तयार होतं. फक्त मध्ये एक गाणं होतं.

महिनाभर आम्ही सराव केला. दर संध्याकाळी दुकान बंद करून ते आमच्याकडे यायचे. आई पोहे करायची, खुशीत एकदा मीठ दोनदा टाकलं. पहिल्या दिवशी ते गाणं कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून निघालं आणि मला रडू आलं नाही. ते इतकं निराळं, इतकं वाकडंतिकडं होऊन समोरून येत होतं की पुण्याचा तो त्यात कुठं सापडेचना. पण सुधारणा शून्य. दहा दिवस गेले, वीस गेले, मुखड्याची दुसरी ओळ उशिरा ती उशिराच. मी बोट उचलायची, मान हलवायची. ते माझ्याकडे बघून हसायचे आणि पुन्हा तिथंच चुकायचे.

कार्यक्रमाच्या आधी क्लबाचे ट्रॅक लावणाऱ्या काकांनी मला बाजूला घेतलं. ‘‘मॅडम, तुमचं नाव आहे क्लबात. त्या भाऊंना एकट्यानं एखादं साधं गाणं द्या ना. बाहेरचे पाहुणे येतील. लोक हसतील.’’

लोक हसतील. चार दिवस ते वाक्य कानात वाजत होतं. मी स्वतःला सांगत राहिले की हसले तर त्यांना किती वाईट वाटेल. आज कबूल करते, मला भीती माझी होती. साठ माणसांसमोर, माझ्या शेजारी, माझा माणूस म्हणून कुणी बेसूर उभा राहणार होता आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवणाऱ्या बाईकडे लोक त्या दिवशी बघणार होते.

आमच्यात ट्रॅक दोन दिवस आधी काकांना पाठवायचा असतो. शुक्रवारी रात्री आई झोपल्यावर मी दोन्ही आवाज काढलेला ट्रॅक बाजूला ठेवला आणि पुरुषाचा आवाज ठेवलेला ट्रॅक काकांना पाठवला.

रविवारी सभागृह भरलेलं. ते नवा पांढरा सदरा घालून आले होते, मशीन नेहमीप्रमाणे खिशात. बहीण पहिल्या रांगेत. बाजा सुरू झाला. मंचावर उभं राहिलं की स्पीकर पुढे असतात, आवाज लोकांकडे जातो आणि आपल्याकडे त्याचा गोल, मऊ गुंजारव तेवढा उरतो. त्यांच्या कानांना तर तेवढाही अर्धाच. त्यांनी माइक तोंडाशी नेला, डोळे मिटले आणि गायला लागले. आणि सभागृहात तो दुसरा घुमला, माझा सात वर्षांचा, जराही न चुकणारा; त्याच्याखाली यांचा आवाज दबून गेला. लोक ताठ बसले. कुणीतरी ‘वाह’ म्हटलं, या खेपेला रीत म्हणून नाही. काकांनी लॅपटॉपवरून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजर फिरवली.

आणि शेजारी त्यांच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते मी विसरू शकत नाही. त्यांना तो आवाज स्वतःचाच वाटत होता. गात-गात त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, की बघा, लागतोय.

टाळ्या थांबेनात. बहीण पदरानं डोळे पुसत होती. जिन्यात त्यांनी मला थांबवलं. ‘‘आज लागला ना सूर?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘लागला.’’

सुरांच्या बाबतीत मी आयुष्यात बोललेलं ते पहिलं खोटं. तिघांना खरं बोलून घालवलं आणि चौथ्याशी पहिल्याच खेपेला खोटं.

नंतरचे दिवस धुक्यातले होते. ते फुलून गेले होते. गावी आईला फोन केला, भावाला सांगितलं. पुतण्याच्या साक्षगंधात हेच गाणं म्हणायचं ठरवलं. मला म्हणाले, ‘‘तवा तुमी माझ्या घरच्या म्हणून उभ्या राहान का पाहुणी म्हणून, ते सांगा फक्त.’’ मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. हो म्हणावं तर खोट्यावर म्हणावं लागत होतं. खरं सांगावं तर हा चौथाही उठून जाईल, आणि या वेळी मला ते सोसणार नव्हतं. काका भेटले, हळूच म्हणाले, ‘‘मी कोणाले नाही बोलणार, मॅडम.’’ त्यांच्या त्या चांगुलपणानं मी आणखीच मेले.

क्लबाच्या ग्रुपवर कार्यक्रमाचा व्हिडिओ आला होता. तो मी रोज बघायची. आधी-आधी स्वतःला टोचणी म्हणून, मग सवयीनं, मग काय म्हणून ते मलाच कळेना. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, काचेच्या खोलीत, हेडफोन लावून.

साक्षगंधाला आठ दिवस उरले तेव्हा मी गेले. मंगळवार होता, दुकानाची सुट्टी, पण ते आत एक मोटार उघडून बसले होते. मला बघून हात पुसत उठले, खुर्ची झटकून दिली. मी बसले नाही.

‘‘तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो आहे,’’ मी म्हणाले. ‘‘पण आधी मी काय केलं ते ऐका. ऐकून तुम्ही नाही म्हणालात तर मला चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी काही बोलणार नाही.’’

आणि सगळं सांगितलं. ट्रॅक बदलला ते, लोक हसतील ते, भीती कुणाची होती ते. ते ऐकत होते, माझ्या ओठांकडे बघत, एकही शब्द सुटू न देता. मी त्यांना खिशातलं मशीन कानाला लावायला सांगितलं. त्यांनी मुकाट्यानं लावलं. फोन मधल्या टेबलावर ठेवून मी व्हिडिओ लावला.

चार मिनिटं. पहिल्या अर्ध्या मिनिटातच त्यांना कळलं, कारण हातातलं फडकं त्यांनी खाली ठेवलं. तरी थांबवलं नाही. टाळ्यांपर्यंत ऐकलं. बाहेर रस्त्यावरून शाळेची बस गेली. मी अजून उभीच होते.

‘‘हा गडी चांगला गाते,’’ ते शेवटी म्हणाले. मग मोटारीचा एक नट उचलून बोटांत फिरवला. ‘‘मी गावी मायले सांगतलं, मी सुरात गायलो म्हणून. म्हातारी रडली.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘लोक हासले असते, तर हासले असते ना, बाप्पा. मी कधी गवई व्हाले आलतो काय तिथं?’’ आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी फोनकडे बोट केलं. ‘‘याच्यात मी कुठं आहो?’’

मी व्हिडिओ पुन्हा लावला. ‘‘थांबा. आता. मुखड्याच्या दुसऱ्या ओळीत तो आला, आणि त्याच्या मागून हा उशिरा आला, तो तुम्ही.’’ ते पुढे झुकले. ‘‘इथं श्वास ऐकू आला? तो तुमचा. पहिल्या अंतऱ्यात त्याचा सूर वर गेला आणि खाली राहिला तो तुमचा. इथं शब्दच निराळा म्हटलात. इथं हसलात, माइकवर आलंय. इथं तो थांबलाय तरी तुमची ओळ सुरूच आहे, माझ्या ओळीत येऊन संपते.’’ मी सांगत गेले. कुठंही अडले नाही, फोनकडे बघायचीही गरज पडली नाही.

‘‘इतकं पाठ?’’ ते म्हणाले.

‘‘रोज ऐकते.’’

‘‘काहून?’’

आयुष्यभर या प्रश्नाला माझ्याकडे पट्टीचं, सुराचं, तालाचं उत्तर असायचं. ‘‘तुम्हाला शोधायला,’’ मी म्हणाले. ‘‘जिथं चुकतं तिथं तुम्ही सापडता.’’

गाणं चालू होतं. त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

‘‘अन् हा दुसरा? चांगलं गाणारा?’’

मी कान देऊन ऐकलं, अगदी प्रामाणिकपणे, पेशंटचा आलेख काढताना ऐकते तसं.

‘‘तो मला आता ऐकूच येत नाही,’’ मी म्हणाले, आणि त्यांनी ती झटकलेली खुर्ची माझ्याकडे सरकवली.